एक नंबर रिकामा

इंदूरमध्ये आजवर किती घरांत मी दोन-दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडून दिले, त्याची मोजदाद नाही. पण अलीकडच्या काही वर्षांत मी जोडलेली कुठलीही जोडी उघडून बघा. तिथे एक नंबर कुणालाच दिलेला नसतो. नवे पोरगे कधी माझ्यामागून त्या घरी जातात आणि मला फोन करतात, "दीदी, एक से क्यों नहीं चालू किया? बीच का नंबर क्यों?" मी म्हणते, भिया, एक नंबर रिकामाच ठेव, सुखी राहशील. ते हसतात. त्यांनी सुदामा नगरातलं सांगवेकरांचं लग्नघर पाहिलेलं नाही.

आमचा धंदा बाहेरून भारी दिसतो. आत शेव असते. इंदूरमध्ये कुठलाही कीबोर्ड उलटा केला की चिमूटभर शेव पडते, हा माझा अनुभव आहे. राजवाड्यामागच्या एका साडीवाल्याला मी फोनवर सांगितलं होतं की तुमचे दोन्ही कॉम्प्युटर डायरेक्ट जोडावे लागतील. मी पोचले तर त्याने दोन्ही डबे पाठीला पाठ लावून ठेवले होते, आणि वर सुतळीने करकचून बांधले होते. माणूस प्रामाणिक होता. माझ्या शब्दाचा त्याने पूर्ण मान ठेवला होता.

मी महूची. घर बौद्ध, वडील फौजेत, काम टेलिफोनच्या तारा टाकण्याचं. मी जेव्हा या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात शिरले तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण वडील खूश होते. ते म्हणाले, काम तेच आहे, दोन टोकं आणि मध्ये तार. मग त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली: "तार खोटं बोलत नाही बेटा. बिघाड टोकांवर शोध." हे वाक्य किती खरं आहे ते मला सांगवेकरांकडे कळलं, आणि तेही दोन्ही टोकांवर.

सांगवेकरांच्या घरात खाली थोरले भाऊ अण्णाकाका, वर धाकटे शरदकाका. दोघेही सत्तरीपुढचे, दोघांचीही माझ्यावर लेकीसारखी माया. अण्णाकाका मिलच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. त्यांचा आवाज म्हणजे सुदामा नगरचं भूषण होतं. अर्ध्या कॉलनीची लग्नं त्यांच्या मंगलाष्टकांवर लागली. त्यांनी शेवटचं 'शुभमंगल सावधान' म्हटलं की बँडवाले आपोआप सुरू व्हायचे, कुणी खूण करायची गरज नसे. मग घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी माणूस वाचवला, आवाज गेला. उरली नुसती हवा. त्या हवेतून काका कुजबुजत बोलायचे आणि बाकीच्या कामांसाठी देवघरातली घंटा जवळ ठेवायचे. एकदा वाजली की चहा, दोनदा वाजली की माईकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, स्वतः यावं. शरदकाकांचा आवाज मात्र शाबूत होता, आणि दोघांच्या वाटचं तेच बोलायचे.

तर शरदकाकांच्या नातीचं, मुग्धाचं लग्न ठरलं. तिची एकच अट होती. मंगलाष्टकं अण्णाआजोबांच्याच आवाजात हवीत. तिच्या आईबाबांच्या लग्नात काकांनी म्हटलेली मंगलाष्टकं व्हिडिओ कॅसेटवर होती. कॅसेटला पुढे बुरशी लागली, पण त्याआधी काकांनी ती आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. म्हणजे जगात तो आवाज आता एकाच ठिकाणी होता, अण्णाकाकांच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात. आणि परवावर लग्न आलेलं असताना तो कॉम्प्युटर टकटक करू लागला.

हार्ड डिस्क टकटक करू लागली की आम्ही लोक आवाज खाली करून बोलतो. ती आणखी महिनाभर चालेल किंवा चहा येईपर्यंत जाईल. त्या कॉम्प्युटरच्या यूएसबीच्या जागा केव्हाच मेल्या होत्या, सीडी लिहिणारं यंत्र तर उघडतही नव्हतं. डिस्क बाहेर काढायची म्हणजे आजाऱ्याला खडबडीत रस्त्यावरून न्यायचं. एक दार तेवढं शाबूत होतं, मागचं नेटवर्कच्या तारेचं. तुम्ही विचाराल, स्वतःचा लॅपटॉप का नाही लावला? त्याच्या अंगावर आदल्याच आठवड्यात मी अख्खा कप चहा सांडला होता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. म्हणून ठरलं की वरच्या शरदकाकांच्या नव्या कॉम्प्युटरपासून खिडकीतून तार खाली सोडायची आणि अण्णाकाकांच्या जुन्याला जोडायची. मध्ये इंटरनेट नाही, राउटरचा डबा नाही, काही नाही. थोरल्याचा आवाज सरळ धाकट्याच्या घरी.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन कॉम्प्युटर बोलायला तीन गोष्टी लागतात. एक, तार. दोन, भाषा. जुन्याची बोली जुनी असते आणि नव्याला ती येत असूनही तो ओळख दाखवत नाही, मग त्याच्या आत जाऊन ती बोली चालू करावी लागते. तीन, पत्ता. पत्ता म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ. त्यातले पुढचे आकडे दोघांचे सारखे हवेत, ती झाली गल्ली. शेवटचा आकडा दोघांचा वेगळा हवा, तो घर नंबर. एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर दिला तर पोस्टमन काय करील? कॉम्प्युटर त्याहून वाईट करतात. ते बोलणंच सोडतात.

मी सवयीप्रमाणे वरून सुरुवात केली. नव्या कॉम्प्युटरला एक, खालच्याला दोन. अण्णाकाका शेजारी बसून पडद्यावर बघत होते. ही सेटिंग कुठे असते ते मीच त्यांना पूर्वी शिकवलं होतं. त्यांनी शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि भुवया उडवल्या. मी म्हटलं, काही नाही काका, वरचे एक नंबर, तुम्ही दोन नंबर. आणि मी हसत हसत जिना चढून वर गेले.

वर सगळं छान चाललं होतं. कॅसेट उतरवताना तिचे लहान लहान तुकडे झाले होते, ते एकेक करून वर येऊ लागले. शरदकाका मला पोहे खाऊ घालत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की अण्णा येतोय, अण्णा येतोय. लग्नाला आलेले पाहुणे जिन्याकडे बघायचे. तेवढ्यात सगळं थांबलं. पडद्यावर सूचना आली की तुमचा पत्ता दुसऱ्या कुणीतरी घेतलेला आहे.

माझा पहिला संशय तारेवर. खिडकीतून वाकून बघितलं तर मांडववाल्याने माझ्या तारेवर झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. वरून रंगीत दिव्यांची लडही गुंडाळली होती, आणि शैलाकाकूंचा, म्हणजे शरदकाकांच्या बायकोचा, एक टॉवेलही तिथे वाळत होता. मी मांडववाल्याशी भांडले. तो म्हणाला, "दीदी, इतनी बढ़िया खाली डोरी लटक रही थी, तो मैंने सजा दी." माळा उतरवल्या, टॉवेल काढला, काही फरक नाही. मग वडील आठवले. तार खोटं बोलत नाही. मी खालच्या टोकाकडे गेले.

अण्णाकाका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकाग्र नजरेने बघत होते. पडद्यावर त्यांच्या कॉम्प्युटरचा शेवटचा आकडा होता एक.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी घंटा एकदा वाजवली. चहा आला. मग त्यांनी मला जवळ बोलावून कुजबुजत सांगितलं, "आवाज गेला म्हणून नंबरही गेला का?"

मला हसावं की रडावं कळेना. खरं सांगते, दोन्ही झालं. ज्या माणसाला आता कुणाशी वाद घालता येत नाही, तो बिचारा सेटिंगमध्ये जाऊन वाद घालून आला होता. पण डिस्क टकटकत होती आणि निम्मा आवाज अजून खालीच होता. मी त्यांना समजावलं की हा नुसता पत्ता आहे, मान नाही. परत दोन केला. माईकाकूंनीही त्यांना डोळ्यांनी दटावलं. आणि या वेळी मी शहाणपणा केला, खालीच बसले. म्हटलं, आता बघू कसे बदलतात. काका निमूट बसले. तुकडे पुन्हा वर जाऊ लागले. माईकाकूंनी दुसऱ्यांदा पोहे दिले, तेही खाल्ले. इंदूरमध्ये पोह्यांना नाही म्हणणं म्हणजे घर सोडून जाण्यासारखं आहे.

आणि पुन्हा सगळं थांबलं. तीच सूचना. पत्ता दुसऱ्याने घेतलेला आहे.

मी काकांच्या हातांकडे बघितलं. हात मांडीवर होते. डिस्कने दोनदा खरखर आवाज केला. मी धावत वर गेले. शरदकाका कॉम्प्युटरसमोर बसले होते, चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान. पडद्यावर शेवटचा आकडा होता दोन.

"काका, हे कुणी केलं?"

"मी केलं ना. अण्णा दोनवर अन् मी एकवर, ऐसा कैसे चलेगा? जन्मात कधी त्याच्याआधी मी ताट घेतलं नाही. माई सांगून गेली की त्याने मनाला लावून घेतलंय. मी एकवरून उठलो, तो आता ऑटोमॅटिक एक होऊन जाईल ना?"

त्यांना वाटलं होतं, कॉम्प्युटर म्हणजे पंगत. मधला माणूस उठला की बाकीचे सरकतात. आणि सेटिंग त्यांना कशी सापडली? सकाळी मीच त्यांच्यासमोर केली होती, आणि माणूस तरतरीत होता. म्हणजे हिशेब असा, की आधी दोघेही एक होते म्हणून बंद, आता दोघेही दोन म्हणून बंद. आधी मानापायी अडलं आणि आता प्रेमापायी. माझ्या आयुष्यात इतक्या सुसंस्कृत कारणाने नेटवर्क कधी पडलेलं नाही.

मी म्हटलं, ठीक आहे, तुम्ही दोनच राहा आणि कशालाही हात लावू नका. मी खाली जाऊन अण्णाकाकांना एक करते. मी खाली आले. तर अण्णाकाकांनी कीबोर्डवर हात आडवा ठेवला आणि मान हलवली. "नको. लग्नघर त्याचं आहे. यजमान पहिला. एक त्यालाच दे."

मी जिन्यात येऊन उभी राहिले. वरून शरदकाका ओरडत होते की अण्णाला एक दे, माझी शपथ आहे. खालून काकांची घंटा वाजत होती, म्हणजे नाही. परवा लग्न, खाली मरणाला टेकलेली डिस्क, आणि एक नंबर घ्यायला या घरात कुणी तयार नाही. मी जिन्यातच बसले आणि मला जे हसू सुटलं ते थांबेना. पाहुण्यांना वाटलं की कॉम्प्युटर दुरुस्त झाला. तेही हसायला लागले.

तेवढ्यात माईकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा मागे खोलीत बघितलं.

"पहिली पत्रिका कुठे ठेवली आपण?" त्यांनी विचारलं. "बड्या गणपतीला ना? मग पहिला नंबर त्याचा. तुम्हा दोघांचा त्याच्याशी काय संबंध?"

एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. मी बौद्ध घरातली, गणपतीसाठी पत्ता राखून ठेवण्याची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण राखला. आता उरलेले दोघे. दोन आणि तीन म्हटलं असतं तर पुन्हा पहिल्या पायरीवर आलो असतो. ते शैलाकाकूंनी वरूनच सोडवलं. त्या म्हणाल्या की मोदक किती करतो आपण, अकरा नाहीतर एकवीस. अकरा आमच्याकडे राहू दे, एकवीस अण्णांकडे.

शरदकाका लगेच म्हणाले की अकरा आधी येतो, म्हणजे पुन्हा मीच पहिला. शैलाकाकूंनी विचारलं, मोठा कोण, अकरा की एकवीस? एकवीस, काका म्हणाले. झालं तर मग, काकू म्हणाल्या, मोठ्याला मोठा. शरदकाकांचा चेहरा उजळला. मी खाली जाऊन एकवीस घातले तर अण्णाकाकांनी हळूच विचारलं, "अकरा आधी येतो ना?" मी म्हटलं, आधी येतो. त्यांनी समाधानाने मान हलवली. यजमान पहिला राहिला होता. दोघांनीही एकमेकांना मान दिला आणि दोघांपैकी कुणालाही आपण हरलो असं वाटलं नाही. इतकी चांगली सेटिंग मी त्यानंतरही केलेली नाही.

मी अण्णाकाकांना सांगितलं, तुमच्या पडद्यावर जोडणी लागल्याची खूण दिसली की घंटा वाजवा. मी वर गेले. खालून घंटा सुरू झाली ती थांबेचना. वर शरदकाका टाळ्या वाजवत होते, मांडववाला झेंडूच्या माळा घेऊन परत माझ्या तारेकडे निघाला होता, आणि आता मी त्याला अडवलं नाही. तुकडे येत राहिले. एक आला, पुढचा आला, त्याच्या पुढचा आला. शेवटचा एक इवलासा तुकडा राहिला, आणि तो येईना. पडद्यावर किती आलं ते दाखवणारी पट्टी जिथे होती तिथेच. मी खाली आले. टकटक बंद झाली होती. पूर्ण शांत. आमच्या धंद्यात या शांततेचा अर्थ एकच असतो.

वर येऊन आम्ही जे आलं होतं ते लावलं. शरदकाकांच्या खोलीत अण्णाकाकांचा तो जुना, भरदार, मांडवाच्या कनातीपर्यंत पोचणारा आवाज घुमला. मुग्धा मेंदीचे हात वर धरून धावत आली. दोघांच्या वाटचं बोलणारे शरदकाका खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ पाठ फिरवून उभे राहिले. मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं, कारण काय राहिलं ते ऐकताना मला कळलं होतं. सगळी कडवी आली होती. फक्त अगदी शेवटचं, बँडवाल्यांना सुरू करणारं 'शुभमंगल सावधान' त्या मेलेल्या डिस्कमध्येच राहिलं.

खाली जाऊन मी ते फक्त अण्णाकाकांना सांगितलं. ते कुजबुजले, "असू दे. तेवढं मी बघतो." मला वाटलं, ते गुरुजींना सांगतील.

लग्नाला मी साडी नेसून गेले आणि स्पीकरच्या तारेजवळच उभी राहिले, सवय जात नाही. मंगलाष्टकं सुरू झाली. जुन्या लोकांनी आवाज ओळखला आणि माना वळवून अण्णाकाकांकडे बघितलं. काका फेटा बांधून अंतरपाटाजवळ उभे होते, स्वतःचाच आवाज ऐकत, ओठ त्याच्याबरोबर हलत होते. कडव्यामागून कडवं गेलं, प्रत्येक कडव्याला अक्षता पडल्या. शेवटचं कडवं संपलं आणि स्पीकर गप्प झाला. गुरुजी अंतरपाट धरून थांबले. बँडवाल्यांच्या काठ्या वर गेल्या त्या वरच राहिल्या. सगळा हॉल मुठीत अक्षता घेऊन वाट बघत होता.

अण्णाकाकांनी माइक हातात घेतला. शरदकाकांनी त्यांच्या हाताखाली आपला हात धरला. दोघांनी मिळून माइक तोंडापाशी नेला. आणि त्या हॉलमध्ये, जिथे एरवी कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, तिथे नुसत्या हवेचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला: "शुभमंगल सावधान."

अंतरपाट खाली आला, बँड सुटला, अक्षतांचा पाऊस पडला. माझ्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. नंतर पंगतीत अण्णाकाका मला शोधत आले. मागे शरदकाका होतेच, तू बस, आधी तू बस, करत. अण्णाकाका माझ्या कानाशी वाकले.

"मीना, कनेक्शन लागलं ना बरोबर?"

मी म्हटलं, "लागलं काका. दोन्ही टोकांना."